ज्युरासिक कोस्टवर पवनचक्क्या? खुलासा

इंग्लंडच्या डॉर्सेटमधे ज्युरासिक कोस्ट नावाच्या समुद्रकिनाऱ्याच्या कड्यांवर १२१ पवनचक्क्या बसवायला घेतल्यात, विरोध करा, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तसं काही नाहीये. नॅव्हिटस बे नावाचा प्रोजेक्ट होता खरा, पण त्या चक्क्या कड्यांवर नाही, समोरच्या समुद्रात उभ्या राहणार होत्या, आणि ब्रिटिश सरकारने सप्टेंबर २०१५ मधेच परवानगी नाकारली, १०५ चक्क्यांच्या छोट्या पर्यायालासुद्धा नाही म्हणून सांगितलं. निर्णयाचं पत्र पब्लिक आहे, कोणीही वाचू शकतं, युनेस्कोच्या वारसा यादीतल्या या किनाऱ्यावरून दिसणारं दृश्य बिघडेल हे मोठं कारण त्यात दिलंय. तिथे चक्क्या नकोत असं मलाही मनापासून वाटतं, म्हणूनच सांगतेय, हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका आणि ज्यांच्याकडून आला त्यांनाही कळवा.