‘शेतकरी महिना दहा हजार कमावतो’ : ही सरासरी नेमकी कोणाची?

‘सरकारचाच आकडा आहे. शेतकरी शेतीतून महिन्याला 10,218 रुपये कमावतो, म्हणजे निम्मे शेतकरी त्याहून जास्त कमावतात. बाजारभावाची सरासरीही बरी आहे. मग रडगाणं कशाला?’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतो. आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेले निष्कर्ष खोटे आहेत, आणि ते ज्यांच्याबद्दल आहेत त्यांच्यावर अन्याय करणारे आहेत.

आधी ‘शेतीतून’ हा शब्द घेऊ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77व्या फेरीतला हा आकडा 2018-19चा आहे, आणि तो माणशी नसून अख्ख्या कुटुंबाचा आहे. त्यात पिकांचे फक्त 3,798 रुपये. मजुरी आणि पगाराचे 4,063. उरलेले जनावरं, जोडधंदा आणि जमिनीच्या भाड्याचे.

आता ‘निम्मे’. समजा वस्तीवर पाच घरं आहेत. चौघांचं उत्पन्न 4, 5, 6 आणि 7 हजार, पाचव्या बागायतदाराचं 38 हजार. सरासरी आली 12 हजार, आणि पाचांपैकी चार घरं तिच्या खाली! बरोबर मधल्या घराचं उत्पन्न, म्हणजे मध्यक, 6 हजार. मोजक्या घरांची कमाई फार मोठी असली की सरासरी वर ओढली जाते, मध्यक जागचा हलत नाही. देशातले सुमारे 86 टक्के शेतजमिनीचे खातेदार दोन हेक्टरच्या आतले आहेत, तेव्हा हा प्रश्न वस्तीपुरता नाही.

कर्जाच्या बाबतीत तर सरासरी दोन्हीकडून फसवते. त्याच सर्वेक्षणात प्रति कुटुंब सरासरी कर्ज 74,121 रुपये आहे, पण कर्ज असलेली कुटुंबं 50.2 टक्केच. जवळपास निम्म्यांवर काहीच कर्ज नाही, त्यामुळे मध्यक अगदी किरकोळ रकमेवर येतो. आणि फक्त कर्जदार कुटुंबं धरली तर सरासरी जाते सुमारे 1 लाख 48 हजारांवर. कर्जमाफीवर वाद घालताना यातला कोणता आकडा हाती आहे, हे आधी विचारायला हवं.

राहिला बाजारभाव. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण म्हणजे सरासरी नव्हे, ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला तो दर, गणितातला बहुलक. गोल्टी, म्हणजे लहान आकाराचा कांदा घेऊन गेलेल्याला तोही मिळत नाही. शिवाय महिन्यांच्या दरांची नुसती सरासरी काढली तर आवक हिशोबात येतच नाही. समजा आवक जोरात असताना 80 क्विंटल कांदा 1,200ने गेला आणि उरलेला 20 क्विंटल पुढे 2,800ने. दोन दरांची सरासरी 2,000. पट्ट्यांची, म्हणजे विक्रीच्या पावत्यांची बेरीज करा: 96 हजार अधिक 56 हजार, भागिले 100 क्विंटल. हातात पडले क्विंटलला 1,520, तेही हमाली, तोलाई आणि भाडं वजा जाण्याआधी.