डावा कल्ला

रविवारी सकाळी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात केस कापायला बसलो होतो. उजवी बाजू झाली होती. तेवढ्यात कारागिराचा फोन वाजला. "हा, आवुं छुं," म्हणत त्याने कात्री खिशात टाकली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या काचेच्या, एसीवाल्या सलूनमध्ये शिरला. कायमचा. मालकाला म्हणे आदल्या रात्रीच व्हॉट्सअॅप केलं होतं. मालक व्हॉट्सअॅप बघत नाहीत.

इंग्लंडमधल्या अॅलेक्स मॅक्लिश या फुटबॉल मॅनेजरनेही २०११ साली बर्मिंगहॅम सिटी क्लबचा राजीनामा ई-मेलनेच दिला आणि आठवड्याच्या आत त्याच शहरातल्या अॅस्टन व्हिला क्लबात जाऊन बसला. पण निदान तेव्हा मोसम संपलेला होता!

माझं दुखणं वेगळं आहे. मँचेस्टर, लिव्हरपूलवाले बडोद्यात पोत्याने सापडतात, म्हणून मी मुद्दाम ब्रायटन हा क्लब धरला. २०२२च्या सप्टेंबरात, लीगचे ३८पैकी ६ सामने झालेले, आम्ही चौथे. आणि आमचा मॅनेजर ग्रॅहम पॉटर चेल्सी क्लबात गेला. जाताना मदतनीसही घेऊन गेला.

"पॉटरच निघाला हा," मी पुटपुटलो.

मागच्या बाकावरचा पेपर खाली आला. हे काका रोज येतात. त्यांना पूर्ण टक्कल आहे. पेपर फुकट असतो.

"पॉटर म्हणजे कुंभार ना रे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मान हलवायची सोय नव्हती, त्यामुळे आरशातूनच.

"जुन्या मालकाला काही मिळालं?"

"भरपाई. दोन कोटी पौंडांच्या वर."

"मग रडतंय कोण?"

"मी."

"तू काय भागीदार आहेस?"

"नाही हो, पाठीराखा."

"म्हणजे गिऱ्हाईक," काकांनी निकाल दिला. "बरं, पुढे काय झालं कुंभाराचं?"

"ऑक्टोबरात चेल्सीला घेऊन आमच्याच मैदानावर आला. ४-१ हरवला त्याला. एप्रिलमध्ये चेल्सीने काढून टाकला."

काका खूश. "कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच!"

ब्रायटनच्या मैदानाला उकिरडा म्हटलेलं मला अजिबात आवडलेलं नाही. पण एका बाजूचे केस कापलेल्या माणसाचा राग कोणी मनावर घेत नाही.

मालकांच्या डोक्यात मात्र 'भरपाई' हा शब्द रुतून बसला. ते दारात जाऊन समोर ओरडले, "अरे, निदान कात्री तरी परत दे!" काचेपलीकडून त्याने हात हलवला. आवाज पोचला नसावा. एसीवाली दुकानं बंद असतात.

मग मालकांनी स्वतः दुसरी कात्री घेतली. काय बोलणार? माझ्या मुंजीत माझं डोकं यांनीच केलं होतं. तेव्हा हात थरथरत नव्हता. शिवाय लक्ष सगळं रस्त्यापलीकडे, समोर कोणाकोणाची स्कूटर लागते ते मोजण्यात. क्लबला भरपाई, कारागिराला जास्त पगार, काकांना पेपर. आणि माझ्याकडून पूर्ण ८० रुपये घेतले! अर्धं काम ज्याने केलं तो समोर, पैसे इकडे.

"कुंभारानेच केलेलं बरं दिसतंय," जाता जाता काका म्हणाले.

खरंच आहे ते. डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर आहे.