झाडकोरफडीच्या कटिंगचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

झाडासारख्या वाढणाऱ्या कोरफडीची नवी रोपं कशी करायची, हे सांगणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या मावशीने तो प्रमाण मानून आपली जुनी, अंगाबाहेर वाढलेली कोरफड छाटली. लावलेल्या सगळ्या फांद्या बुडापासून सडल्या. त्यामुळे आता एकेक मुद्दा घेतेच.

‘कापल्याबरोबर फांदी ओल्या मातीत रोवा, रोज पाणी घाला.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. गुलाबाची काडी कोरडी पडून मरते, म्हणून तिला ओल लागते. कोरफडीच्या पानांत भरपूर पाणी साठलेलं असतं. ती मरते कुजून. ताजा काप म्हणजे उघडी जखम. ओल्या मातीत बुरशी तिथूनच आत शिरते आणि खोडाचा गाभा लिबलिबीत होतो. वरची पानं मात्र साठलेल्या पाण्यावर हिरवीगार राहतात, म्हणून सड कळते तेव्हा उशीर झालेला असतो. झाडकोरफड (शास्त्रीय नाव ॲलो आर्बोरेसेन्स) मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय जैवविविधता संस्थेचा सल्ला साधा आहे: फांदी एक-दोन दिवस सुकू द्या, जखम बंद झाली की निचऱ्याच्या मातीत किंवा वाळूत लावा, सारखं पाणी नको. फांदी मनगटाएवढी जाड असेल तर मी आठवडा-दोन आठवडे सावलीत ठेवते. काप बोटाला कोरडा आणि टणक लागलाच पाहिजे. मग खालची पानं काढायची आणि शेंडा जड असेल तर काठीला बांधायचा, कारण फांदी हलत राहिली की कोवळी मुळं तुटतात.

‘फांदी नसेल तर एक पान पुरतं.’ नाही पुरत! पानफुटीला पानातून रोप येतं, कोरफडीच्याच कुळातल्या गॅस्टेरियालाही येतं. पण कोरफडीचं नुसतं पान मातीत खोचलं तर ते सडतं. खोडाचा तुकडा हवाच.

‘ग्लासभर पाण्यात मुळं फुटतात.’ बरं, कधीकधी फुटतात, हे मान्य. पण ती मातीत नीट रुळत नाहीत, आणि तोवर सडण्याचा धोका असतोच. मग हा खटाटोप कशाला? कापाला मध लावण्याचीही गरज नाही.

‘उरलेला बुंधा मेला, उपटून टाका.’ हे वाचून संताप आला. बुंधा जिवंत असतो! कापाच्या खाली नवे कोंब फुटतात, आणि थोडी पानं ठेवून छाटलं तर अधिक भरवशाने फुटतात.

‘छाटलेल्या पानांचा रस प्या.’ मुळीच नको. सालीखालचा पिवळा चीक जोरदार रेचक असतो.

ज्यांनी ओली फांदी आधीच लावली आहे त्यांनी ती आजच उपसून पाहावी. बूड मऊ लागलं तर स्वच्छ सुरीने वर वर कापत जा, आत तपकिरी डाग दिसेनासा होईपर्यंत. आणि या वेळी काप पूर्ण सुकू द्या.