लटकलेलं रेप्लिकेशन कनेक्शन आणि ‘किल -९’चा जीवघेणा सल्ला

‘पोस्टग्रेसची रेप्लिका तुटल्यावर प्रायमरीवर जुनं कनेक्शन लटकून राहतंय? हे पाच उपाय करा’ असा मेसेज आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. (पोस्टग्रेस हा डेटाबेस, प्रायमरी म्हणजे त्याचा मुख्य सर्व्हर आणि रेप्लिका किंवा स्टँडबाय म्हणजे त्याची सतत ताजी होत राहणारी प्रत.) तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो महापेला नाइट शिफ्टला असतो. पावसात ठाण्याच्या रेप्लिकेची लिंक गेली, परत आली, पण रेप्लिका जोडली जाईना. पहिला उपाय टाइप करून त्याने मला फोन केला, “मामा, हे मारू ना?” नशीब, आधी विचारलं.

तो पहिला उपाय असा: ‘वॉलसेंडरचा पीआयडी शोधा, किल -९ मारा, बाकी कुणाला धक्का लागत नाही.’ वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही, वॉलसेंडर ती रेप्लिकेला पाठवणारी प्रायमरीवरची प्रोसेस, पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक आणि किल -९ म्हणजे तिला जबरदस्तीने जागीच मारणं. पण धक्का लागत नाही हे साफ खोटं. धक्का सगळ्यांना लागतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची प्रोसेस वेगळी असते, पण शेअर्ड मेमरी एकच. एक प्रोसेस -९ने मेली की ती मेमरी बिघडली असेल असं पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, धरून चालतो, उरलेली सगळी कनेक्शनं तोडतो आणि डेटाबेस क्रॅश रिकव्हरीत, म्हणजे बिघाडानंतरच्या सावरासावरीत, नेतो. ‘दुसरी सर्व्हर प्रोसेस क्रॅश झाल्यामुळे कनेक्शन तोडत आहोत’ अशा अर्थाची ओळ प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला दिसते, चालू ट्रान्झॅक्शन्स वाया जातात. एक मेलेलं कनेक्शन काढायला सगळी जिवंत कनेक्शनं मारायची, हा कसला उपाय?

करायचं ते सोपं आहे. प्रायमरीवर पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन, म्हणजे जोडलेल्या रेप्लिकांचा तक्ता, बघा. भाच्याच्या स्क्रीनवर रेप्लिकेच्या नावाची जुनी ओळ तशीच होती आणि तिचा रिप्लाय_टाइम (रेप्लिकेच्या शेवटच्या उत्तराची वेळ) लिंक गेली त्या मिनिटावर अडकलेला. रेप्लिकेच्या लॉगमध्ये ‘स्लॉट अमुक पीआयडीसाठी अ‍ॅक्टिव्ह आहे’ ही तक्रार, आणि पीआयडी तोच. (स्लॉट म्हणजे या रेप्लिकेला अजून कुठला वॉल लागणार याची प्रायमरीने ठेवलेली नोंद.) त्या पीआयडीवर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड हे फंक्शन चालवायचं, ते फक्त तेवढंच कनेक्शन रीतसर बंद करतं. रेप्लिका डीफॉल्टने दर ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतेच, ती आपोआप जोडली जाते.

मुळात ही वेळ का आली? कारण त्याच मेसेजमधला दुसरा उपाय तिथे कुणीतरी आधीच करून ठेवला होता: ‘वॉल_सेंडर_टाइमआउट शून्य करा.’ रेप्लिकेकडून उत्तर आलं नाही तर किती वेळाने कनेक्शन तोडायचं, ते हे सेटिंग ठरवतं. डीफॉल्ट ६० सेकंद असतो, म्हणजे मेलेलं कनेक्शन मिनिटभरात सुटतं. शून्य केलं की ही तपासणीच बंद. मग भिस्त टीसीपी कीपअलाइव्हवर, म्हणजे पलीकडचं टोक जिवंत आहे का या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चौकशीवर, आणि लिनक्सवर त्याची पहिली चौकशीच ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते.

तिसरा, मॅक्स_वॉल_सेंडर्स (एका वेळी जास्तीत जास्त किती वॉलसेंडर चालतील तो आकडा) ५०० करा. यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये याच सेटिंगखाली लिहिलंय की क्लायंट अचानक तुटला तर टाइमआउट होईपर्यंत त्याची जागा अडकून राहू शकते, म्हणून आकडा अपेक्षित क्लायंटपेक्षा ‘थोडा’ जास्त ठेवा. थोडा! डीफॉल्ट १० आहे. बदलायला रीस्टार्ट लागतो, आणि स्टँडबायवर आकडा प्रायमरीपेक्षा कमी राहिला तर तिथे क्वेरीच चालत नाहीत. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही.

चौथा, ‘टाइम_वेट दिसलं की टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल चालू करा.’ ते सेटिंग २०१७ साली कर्नल ४.१२मधून काढून टाकलंय. शिवाय टाइम_वेट ही रीतसर बंद झालेल्या कनेक्शनची अवस्था. लटकलेलं कनेक्शन तिच्यात नसतंच, ते एस्टॅब्लिश्ड, म्हणजे चालू, दिसतं.

पाचवा, स्लॉट उडवा. रेप्लिका परत येणार असेल तर अजिबात नको. तिला लागणाऱ्या वॉल फाइल्स प्रायमरीने साफ केल्या आणि त्या आर्काइव्हमध्येही नसल्या, की पीजी_बेसबॅकअपने रेप्लिका पहिल्यापासून उभी करावी लागते. रेप्लिका कायमची बंद केली असेल तर मात्र स्लॉट उडवलाच पाहिजे, नाहीतर पीजी_वॉल हे वॉल फाइल्सचं फोल्डर फुगून डिस्क भरते. त्यावर मर्यादा घालणारं मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ आवृत्ती १३पासून आहे, पण डीफॉल्ट -१, म्हणजे मर्यादाच नाही. ती तुम्हीच घालायची.