गोधडी कुणासाठी ते सांगायचं की नाही?

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यंदा एकाच आठवड्यात दोन वाद पेटले. पहिला गोधडीच्या किमतीचा. पुण्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनात हाताने शिवलेली गोधडी साडेसहा हजारांना पाहून एका वहिनीने फोटो टाकला, आणि मग "आजी तर फुकट शिवायची" इथपासून "बाईच्या कष्टाला मोल नको का" इथपर्यंत सगळं यथासांग झालं. दुसरा वाद काकांचा. साताऱ्याच्या माझ्या काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, आणि त्यांना हे सांगायचं की नाही यावर घरात दोन तट पडले आहेत. "गाठ होती, काढली, आता ताकदीचं सलाइन लावतायत" एवढंच त्यांना ठाऊक आहे, असं सगळे धरून चालले होते.

मी ओहायोत राहते. त्यामुळे दोन्ही वादांत माझं मत "तुला काय जातंय तिथून बोलायला" या सदरात जमा होतं. ते मान्य करूनच बोलते, कारण मला हे दोन वाद एकच वाटतात. इथे आमच्या गावच्या वाचनालयाच्या तळघरात दर गुरुवारी काही बायका शिवायला जमतात. मीही जाते. गंभीर आजारी माणसासाठी क्विल्ट करायचा, हे तिथलं मुख्य काम. त्याला इथे 'कम्फर्ट क्विल्ट' म्हणतात. मी मनात त्याला आजारपणाची गोधडी म्हणते.

या कामाची सुरुवात चौकशीने होते. आमच्या गल्लीत एक बाई आहे, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिलाही काकांसारखाच आतड्याचा कॅन्सर आणि औषधही तेच, ऑक्सॅलिप्लॅटिन. या औषधाची एक खोड आहे, त्यावर असलेल्या माणसाला गारवा सोसत नाही. फ्रिजमधली बाटली हातात धरली तरी बोटांना झिणझिण्या येतात, टोचल्यासारखं होतं. गार पाण्याचा घोट घशाशी अडतो. ही बाई फ्रिज उघडायला हातमोजे घालायची. तिची बातमी कळली तेव्हा आमच्यातल्या म्होरक्या आजींनी तिला फोन लावला आणि सरळ विचारायला सुरुवात केली. केमोची खुर्ची मागे रेलणारी आहे का? पोर्ट, म्हणजे औषध सोडायला छातीत कातडीखाली बसवतात ती डबी, कुठल्या बाजूला बसवलाय? कुठल्या वासाने मळमळतं? रंग कुठला आवडतो, कुठला डोळ्यांसमोर नको? शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, "पिवळा सोडून काहीही. जन्मभर पिवळी बस बघितली."

मग त्या उत्तरांवरून कापड ठरतं. रेलत्या खुर्चीत पाय झाकले जावेत पण फरशीवर लोळू नये, म्हणून साधारण ४० बाय ६० इंच. कापड कापण्याआधीच बिनवासाच्या साबणाने धुतलेलं, कारण नव्या कापडाची खळ आणि त्याचा वास केमोवरच्या माणसाला असह्य होतो. जिच्या घरात कुणी सिगारेट ओढतं तिने तो क्विल्ट घरी न्यायचा नाही. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना तो वरचेवर गरम पाण्यात धुवावा लागणार, म्हणून टाके जवळजवळ, नाहीतर मधला कापूस गोळा होऊन बसतो. आणि खालच्या बाजूला फ्लॅनेल, म्हणजे मऊ लव असलेलं कापड. साधं सुती कापड अंगावर घेताना पहिल्या क्षणाला गार लागतं, फ्लॅनेल लागत नाही. ज्या माणसाला फ्रिजची कडीसुद्धा बोचते त्याच्यासाठी तो पहिला क्षण मोठा असतो. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, एकीने माझ्या हाताखाली दोन तुकडे ठेवून डोळे मिटायला सांगितलं.

मागच्या कोपऱ्यात नावाची पट्टी लावतात, तिच्यावर काय लिहायचं यावर आमच्याकडे भांडणं होतात. मी पहिल्यांदा "लवकर बरी हो" सुचवलं होतं. आजी म्हणाल्या, बरं होण्याच्या कामाला आपण तिला लावायचं नाही. शेवटी पट्टीवर तिचं नाव, गावाचं नाव आणि साल एवढंच गेलं. अमेरिकन माणसांच्या कोरडेपणाबद्दल आपण बरंच ऐकतो. मला ती पट्टी कोरडी वाटली नाही.

चर्चमधल्या बायकांची रीत आणखी वेगळी. क्विल्टच्या तिन्ही थरांतून जाड दोरे ओढून वर मोकळे सोडतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण एका दोऱ्याची गाठ मारतो, मारताना त्या माणसासाठी प्रार्थना करतो. आधी त्या माणसाला विचारलेलं असतं, "तुझ्यासाठी असं केलं तर चालेल का?" तो नको म्हणाला तर करत नाहीत.

आता हे सगळं साताऱ्यात लावून पाहा. काकांना कोण विचारणार, रंग कुठला आवडेल? ते म्हणतील, कशाला? तिथेच सगळं अडतं. आपल्याकडे हात नाहीत, कापड नाही की माया नाही असं थोडंच आहे. बाळ जन्माला यायच्या आधी आजीच्या मऊ लुगड्याचं दुपटं तयार असतं. धुणीभांडी आटोपून दुपारी दाराशी बसून दाभणाने धावदोरा घालणाऱ्या बायका साताऱ्यात आजही आहेत. पण दुपटं ज्याच्यासाठी शिवलं जातं त्याचं नाव घरभर घेतलं जातं, आजारी माणसाच्या आजाराचं नाव मात्र दाराबाहेर जाऊन, आवाज खाली करून घ्यायचं असतं.

ज्याचं नाव कुणी घेत नव्हतं ते घ्यायला लावण्याचं काम क्विल्टने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केलं आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एड्सने तरुण मुलं जात होती आणि मृत्यूच्या बातमीत कुटुंबं आजार लपवत होती. सॅन फ्रान्सिस्कोतला कार्यकर्ता क्लीव्ह जोन्स याने १९८५ मध्ये गेलेल्यांच्या नावांची गोधडी करायची कल्पना मांडली, आणि ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० चौकटी अंथरल्या गेल्या. प्रत्येक चौकट तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढी. त्यात कुणाची जीनची पँट, कुणाच्या टाय, कुणाचं लहानपणचं खेळणं, आणि नाव. ती मेलेल्यांची गोधडी होती, आजाऱ्यांची नव्हे. पण आईने मुलाच्या नावाची अक्षरं कापून शिवायला घेतली की "न्यूमोनियाने गेला" असं म्हणत राहणं कठीण जातं.

लहान मुलांच्या बाबतीत तर इथे हे घरोघरी ठाऊक असलेलं काम आहे. १९९५ च्या नाताळात एका मासिकात छायाचित्रकार एडी अ‍ॅडम्सचा लेख आला, त्यात रक्ताचा कॅन्सर झालेली एक चिमुरडी होती, आपल्या पांघरुणाला धरून तिने केमो काढली होती. ते वाचून कोलोरॅडोतल्या कॅरन लाउक्सने मुलांच्या कॅन्सर विभागासाठी पांघरुणं जमवायला सुरुवात केली. त्याचा 'प्रोजेक्ट लायनस' झाला. आमच्या गुरुवारच्या ढिगातली कितीतरी लहान पांघरुणं तिकडेच जातात.

एवढं लिहिल्यावर काकूची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. मी तिला फोनवर हेच सगळं ऐकवलं, जरा जास्तच जोरात. ती शांतपणे म्हणाली, "अगं, आम्ही त्यांना सांगितलं नाही हे खरं. पण त्यांनी विचारलंय कुठे? दर पंधरा दिवसांनी ज्या दवाखान्याच्या दारातून आत जातात तिथे हातभर अक्षरांत लिहिलंय. त्यांना मराठी वाचता येतं." याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. घरातली ही शांतता दोघांनी मिळून पाळलेली असते, हे दुरून दिसत नाही. आणि काकूच्या घरी काका एक रात्रही एकटे झोपलेले नाहीत. पुतण्या रात्री खाली सतरंजीवर असतो. इथल्या त्या बस चालवणाऱ्या बाईला आम्ही क्विल्ट नेऊन दिला, तो दारात दिला, आणि दहा मिनिटांत निघालो. शनिवारी तिच्या घरी कोण असतं, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. डबे पोहोचवायची यादी असते, ज्याने त्याने आपल्या वाराला डबा पायरीवर ठेवायचा, घंटा वाजवायची आणि जायचं. रुग्णाला त्रास नको म्हणून. तो त्रास नसतो हो, असं मी एकदा गटात म्हटलं, तेव्हा सगळ्या माझ्याकडे सौजन्याने बघत राहिल्या.

तरी माझं मत बदललेलं नाही. न सांगण्याचा करार दोघांचा असेल, पण त्याची किंमत एकटा आजारी माणूस भरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आपल्यावर शेवटी कुठले उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायची मुभा दिली, २०२३ मध्ये त्याची रीत बरीच सोपी केली. आमच्या गटावर त्याचं कौतुक करणारा लांबलचक संदेशही फिरला. पण ज्याला आजाराचं नावच सांगितलेलं नाही त्याने ते कागद कशाच्या आधारावर लिहायचे? एवढी मोठी गोष्ट दूर राहू द्या. पांघरुणाचा रंगसुद्धा त्याला विचारता येत नाही.

किमतीच्या वादाचं म्हणाल तर माझं म्हणणं थोडक्यात असं. इथे चांगलं क्विल्टचं सुती कापड बारा-चौदा डॉलर वार पडतं, एका क्विल्टचं नुसतं कापड नि कापूस शंभर डॉलरच्या पुढे जातो. मजुरी कुणी धरतच नाही, कारण धरली तर विकला जाणार नाही. तेव्हा साडेसहा हजार अजिबात जास्त नाहीत. जी बाई पोटासाठी शिवते तिला पूर्ण पैसे द्यावेत. "आजी फुकट शिवायची" हे वाक्य आजी जिवंत असताना तिच्यासमोर कुणी म्हणालं नसतं. मला खंत वेगळीच आहे. आपण गोधडीला वारसा केलं, भिंतीवर टांगलं, सोफ्यावर तिरकी टाकली, आणि जिथे तिची खरी गरज आहे त्या खाटेपर्यंत तिला नेलं नाही.

खरं तर गोधडी आणि आजारी माणूस यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. गाडगेबाबांना गोधडे महाराजही म्हणत, अंगावर चिंध्यांची गोधडी असायची म्हणून. त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परळच्या टाटा हॉस्पिटलचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. जागा न मिळालेले परळच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या छपराखाली दिवस काढतात. तिथे गोधडी अंथरायलाही लागते आणि पांघरायलाही, आवडीचा रंग कोण विचारणार. लग्नाकार्यात आलेल्या आणि घडीसुद्धा न मोडलेल्या साड्या ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना हा पत्ता सांगून ठेवते.

काकांचं पुढे काय झालं ते सांगते. काही फार नाट्यमय घडलं नाही. वाद दोन दिवस तापला आणि नेहमीप्रमाणे लग्नाच्या तारखांकडे वळला. पण त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, त्यांच्याजवळ कपाटातल्या दोन साड्या घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, केमोच्या दिवशी तुम्हाला हुडहुडी भरते, एक गोधडी करून घेतेय. आजीचं लुगडं घालू की आईचं पातळ?" केमो हा शब्द त्या घरात त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला गेला. काकांनी दोन्ही साड्या चिमटीत धरून पाहिल्या. म्हणाले, "आईचं लुगडं इरकली आहे, टोचेल. तुझ्या आईचंच घे. आणि काठ लाल नको, निळा लाव." कॅन्सर हा शब्द अजून कुणी काढलेला नाही. काकू ताईवर थोडी रुसलेली आहे.

मी इथून फ्लॅनेल पाठवते म्हटलं, तर ताईने उडवून लावलं. साताऱ्याच्या उन्हाळ्यात फ्लॅनेल कोण पांघरणार! तिचंच बरोबर आहे. दोन पातळांचे चार थर, मधे काही नाही, धावदोरा जवळजवळ, आणि शिवण्याआधी सगळं रिठ्याच्या पाण्यात धुऊन घ्यायचं, एवढंच मी सांगितलं. दवाखान्यातल्या एसीपुरती ती पुरेल. शिवणारी बाई गोडोलीत राहते, चार हजार म्हणाली, ताईने घासाघीस केली नाही. मे संपायच्या आत हातात द्यायला हवी, असं तिला बजावलंय, कारण एकदा पाऊस धरला की गोधडी आठ-आठ दिवस वाळत नाही.