दहा हजार पानांचा स्वयंपाक कोण करणार?

काल रात्री पंचवटीतल्या एका लग्नाचं काम उरकून पातेली टेम्पोत चढवत होतो. भाचा मदतीला आला होता, म्हणजे मोबाईल बघत उभा होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "मामा, सारुमानची फौज भारी की सॉरॉनची?" कॉलेज रोडच्या त्यांच्या कट्ट्यावर म्हणे यावरून दोन पार्ट्या पडल्यात.

सारुमान आणि सॉरॉन म्हणजे टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले दोन खलनायक. टोल्किनची ही पुस्तकं मी दोनदा वाचलीत आणि बावीस वर्षं केटरिंग करतोय. त्यामुळे माझं उत्तर तलवारीपासून नाही, कोठीपासून सुरू होतं.

आधी सारुमान घेऊ. आयझेनगार्ड या त्याच्या गडातून फौज निघाली ती पाहणारा मेरी नावाचा हॉबिट, म्हणजे बुटक्या लोकांतला एक, सांगतो, कमीत कमी दहा हजार असतील, नुसतं वेशीबाहेर पडायलाच त्यांना तास लागला. कट्ट्यावरची पोरं इथं शिट्ट्या मारतात. मी मनात पानं मोजतो. डोक्याला दिवसाचं अर्धा किलो धान्य धरा (उरुक-हाय, म्हणजे त्याचे दांडगे राक्षसी ऑर्क सैनिक, तेवढ्यावर ऐकणार नाहीत, पण असू द्या), तरी रोजचे पन्नास क्विंटल झाले. ते भरायचे, वाहायचे, शिजवायचे. सारुमानला याची जाण होती, हे मान्यच करायला हवं. आयझेनगार्ड बुडाल्यावर मेरीला आणि त्याच्या हॉबिट दोस्ताला तिथं काय सापडलं? खारवलेलं डुकराचं मांस आणि थेट हॉबिटांच्या मुलखातून, शायरहून आलेली तंबाखूची पिंपं. हा बाबा इतक्या लांबून गुपचूप माल उचलत होता! कोठी झकास होती. घोळ केला तो माणसं लावताना. सगळी फौज एकदम बाहेर काढली आणि मागं राखणीला मूठभर ठेवले. झाडं चालून आली, नदीचं पाणी आत वळवलं, भट्ट्या-कारखाने सगळं पाण्याखाली. सगळे वाढपी पहिल्याच पंगतीत सोडणारा ठेकेदार मी पाहिलाय. दुसऱ्या पंगतीला त्याचं जे होतं तेच सारुमानचं झालं.

आता सॉरॉन. त्याच्या मॉर्डोर राज्याच्या काळ्या दरवाजासमोर चालून आलेल्या अॅरागॉर्नकडे सहा हजारांहूनही कमी माणसं होती आणि समोर त्यांच्या दसपटीहून जास्त. म्हणजे एका मोर्चावर साठ हजार तरी. रोजचे तीनशे क्विंटल! आणि मॉर्डोरचं गॉरगॉरॉथ पठार म्हणजे राख आणि दगड, तिथं कुसळ उगवणार नाही. नुसता सिनेमा बघणारे विचारतात, मग हे खातात काय? पुस्तकात त्याचं उत्तर आहे, आणि तेही जाता जाता दिलेलं. तिथून लांब दक्षिणेला नुर्नेन सरोवराच्या काठानं गुलामांकडून कसून घेतलेली मोठमोठी शेतं आहेत, आणि मांडलिक मुलखांतून गाड्या भरभरून माल घेऊन येणारे रस्ते आहेत. ते वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. एवढ्या वर्षांत मला सॉरॉनची भीती वाटली ती तेव्हा पहिल्यांदा. त्याचा तो सगळं बघणारा डोळा वगैरे ठीक आहे हो.

२०१५ च्या सिंहस्थात तपोवनात एका अन्नछत्राला मी होतो. पर्वणीच्या आदल्या रात्री आमची पिठाची गाडी शहराबाहेर नाक्यावर अडकली. पहाटे तीनला चुली पेटलेल्या, तवे तापलेले, आणि पीठ नाही. शेवटी सगळ्यांना खिचडी लावली. तेव्हापासून कुणी मला फौजेचा आकडा सांगितला की मी विचारतो, रस्ता कुणाच्या ताब्यात आहे?

टोल्किनच्याच जुन्या काळच्या कथांतला मॉरगॉथ या दोघांचाही बाप. आगीचे राक्षस बालरॉग, ड्रॅगन, काय नव्हतं त्याच्याकडे? त्याच्या अँगबँड गडाला जवळजवळ चारशे वर्षं वेढा पडला होता, तो त्यानं हिवाळ्यातल्या एका रात्री आग ओतून फोडला. ताकदीत पहिला नंबर त्याचाच, यात वादच नाही. तरीही 'अगणित आसवांची लढाई' त्यानं जिंकली ती पलीकडची माणसं ऐन वेळी फितूर झाली म्हणून. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय. आपल्याला याचं नवल नको. नाशिकजवळ पेठ रोडला आशेवाडीचा रामशेज किल्ला बघा. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला. गडावर माणसं थोडी, तोफाही नाहीत, लाकडाच्या करून उडवल्या असं सांगतात. वर्षानुवर्षं गड हलला नाही. शेवटी गेला तो किल्लेदाराला पैसे चारून.

हे सगळं मी टेम्पोला दोरी आवळता आवळता भाच्याला ऐकवलं. त्यानं शांतपणे विचारलं, "आणि 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला नाइट किंग? त्याच्या मढ्यांना जेवणच लागत नाही."

मी गप्प. खरंच लागत नाही. शिधा नको, रस्ता नको, वर समोरचा जो मरेल तो आपल्याच पंगतीत. माझा सगळा हिशोब पाण्यात. मग सुचलं. "पण सिरीयलमध्ये त्या एकट्याला सुरी लागली आणि अख्खी फौज कोसळली ना?"

"मग सॉरॉनची ताकद असलेली अंगठी वितळल्यावर ऑर्कसुद्धा सैरावैरा पळालेच की."

"ऑर्क पळाले. सॉरॉनच्या बाजूनं आलेल्या हाराड आणि ऱ्हून मुलखांच्या माणसांतले काही शेवटपर्यंत लढले."

"म्हणजे जेवणारेच टिकले?"

मला तसं म्हणायचं नव्हतं, पण ऐकायला बरं वाटलं. मी गाडी सुरू केली. शेजारी बसत तो म्हणाला, "नाइट किंगची ऑर्डर घेतली असतीस ना मामा, तर तुझं दिवाळंच निघालं असतं."