‘चालण्या-धावण्याने गुडघे झिजतात’ : फिरत असलेल्या मेसेजबद्दल खुलासा

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पन्नाशीनंतर धावू नका, पांडवलेणीच्या पायऱ्या चढू नका, गुडघे झिजतात, घरी बसणंच सुरक्षित. हे चुकीचं आहे.

सांध्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक आवरणाला) रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने दाब पडतो, सुटतो आणि सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली झालेल्या विश्लेषणात गुडघा-खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांमध्ये ३.५ टक्के, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आढळली. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के, म्हणजे अतिरेकाची भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायलाच हवं.

पाय मुरगळतो, स्नायू दुखावतो, बहुतेकदा एकदम जास्त केल्याने. ते सहसा काही आठवड्यांत बरं होतं. बसून राहण्याने बळावणारा मधुमेह किंवा हृदयविकार तसा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुरेशी हालचाल न करणाऱ्यांना मृत्यूचा धोका २० ते ३० टक्के जास्त असतो.

गुडघा सुजलेला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी गोल्फ क्लब मैदानावर किंवा कृषिनगरच्या ट्रॅकवर रोज १० मिनिटांपासून सुरुवात करावी आणि हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यावं. तो मेसेज कृपया आई-वडिलांना पाठवू नका.